वाफेच्या शोधात सागवानाचे मिस्त्री : मुंबईकर वाडियांची इंग्लंडमधील निरीक्षणे (१८३८-१८४१) आणि त्यांचे उत्तरायुष्य

भारतीयांच्या परदेशगमनाचा विचार मराठीत होतो तेव्हा अभ्यासकाची दृष्टी बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांकडे वळते. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी इंग्लंड गाठले आणि पुढे अमेरिकेतील वास्तव्यावर आधारलेला ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ मध्ये मराठीत प्रसिद्ध केला. या प्रवासांची चर्चा विपुल झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्यांच्या जवळजवळ अर्धशतक आधी मुंबई गोदीतील तीन तरुण पारशी इंग्लंडला गेले, तेथे राहिले, काम शिकले आणि पाहिलेले लिहून ठेवून तेथेच छापून प्रसिद्ध केले. त्यांचा प्रवास पदवीसाठी नव्हता, तीर्थाटनासाठी नव्हता आणि दरबारी अर्जविनंतीसाठीही नव्हता. वाफेचे यंत्र जहाजात कसे बसवतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे १८३८ मध्ये मुंबईहून निघाले. त्यांचे ग्रेट ब्रिटनमधील अडीच वर्षांच्या वास्तव्याचे इंग्रजी वृत्त १८४१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. अर्देशिर खरसेटजी हे १८३९ मध्ये निघाले. त्यांची इजिप्तमार्गे केलेल्या प्रवासाची व इंग्लंडमधील वर्षभराच्या वास्तव्याची दैनंदिनी १८४० मध्ये लंडनलाच छापली गेली. तिघेही एकाच वाडिया कुळातले. ‘वाडिया’ या आडनावाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा असा आहे. या दोन पुस्तकांकडे आजवर प्रवासवर्णन म्हणून किंवा पारशी समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेले. एका कारागीर घराण्याने आपला धंदा बुडू नये म्हणून केलेल्या धडपडीचा पुरावा म्हणून ती वाचली, तर त्यांतील अनेक किरकोळ वाटणाऱ्या नोंदींना वेगळा अर्थ प्राप्त होतो.

सागवानी जहाजांचा वारसा

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईस आले. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत जहाजे बांधायची होती आणि सुरतेच्या कारागिरांवाचून ते शक्य नव्हते. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी बांधली गेली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ या गोदीचे मुख्य मिस्त्रीपद लवजींच्या वंशाकडेच राहिले. बापाने मुलास, काकाने पुतण्यास हाताखाली घ्यावे, लाकूड पारखणे, सांधे बसवणे, कणा घालणे हे सर्व हाडीमांसी खिळवावे, अशी ही परंपरा होती. तिच्यात लिखित शास्त्र कमी आणि हाताचे ज्ञान अधिक होते. मात्र म्हणून ती अडाणी होती असे मानणे चुकीचे ठरेल.

जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली ‘मिंडेन’ ही चौऱ्याहत्तर तोफांची युद्धनौका १८१० मध्ये पाण्यात उतरली. ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनबाहेर बांधली गेलेली या दर्जाची ती पहिली नौका होय. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ ची ‘त्रिंकोमाली’, १८२४ ची ‘एशिया’ ही सारी याच गोदीची अपत्ये. ‘एशिया’ १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती. ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. मलबारच्या सागवानाचा टिकाऊपणा इंग्लंडच्या ओकपेक्षा सरस होता आणि हे ब्रिटिश नौदलास पुरते ठाऊक होते.

अशा भक्कम परंपरेला १८२०-३० च्या दशकात एका निराळ्याच दिशेने धक्का बसू लागला. १८२९ मध्ये मुंबई गोदीतच ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधण्यात आली. सांगाडा मुंबईचा, पण यंत्रे विलायतेहून आलेली. मार्च १८३० मध्ये ती मुंबईहून सुवेझकडे निघाली. कोळशाचा साठा इतका लागे की बोटीत माणसांसाठी व मालासाठी जागा उरेना. तो कोळसाही ब्रिटनहून आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांनी आणावा लागे. खर्चाच्या दृष्टीने हा प्रयोग आतबट्ट्याचा होता, तरी सुमारे महिनाभरात सुवेझ गाठता येते हे सिद्ध झाले आणि तेवढे पुरेसे होते. तत्कालीन मुख्य मिस्त्री नवरोजी जमशेटजी यांनी हे सर्व जवळून पाहिले होते. जहाजाचा सांगाडा आपण बांधायचा आणि त्याचा प्राण म्हणावे असे यंत्र मात्र दुसऱ्याने आणून बसवायचे, ही स्थिती फार काळ चालणारी नाही, हे त्यांच्या ध्यानात आले असले पाहिजे. जहांगीर हे त्यांचेच पुत्र.

माझगावचा तरुण

अर्देशिर यांचा जन्म १८०८ चा. लहान वयातच ते गोदीत कामास लागले, परंतु त्यांचे मन लाकडापेक्षा यंत्रात अधिक रमत असे. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ ही लहानशी आगबोट तयार केली. १८३४ मध्ये माझगाव येथील आपल्या बंगल्यात व बागेत त्यांनी गॅसचे दिवे लावले. हे दिवे पाहण्यासाठी खुद्द मुंबईचे गव्हर्नर तेथे गेले होते. मुंबईच्या रस्त्यांवर सार्वजनिक गॅसबत्ती लागली ती १८६५ मध्ये, म्हणजे त्यानंतर एकतीस वर्षांनी. घरच्या ओतशाळेत, पदरच्या पैशाने, कोणत्याही संस्थेच्या आधारावाचून हे उद्योग चालले होते. यंत्रविद्या ही पश्चिमेकडून आलेली आणि आपल्या लोकांनी नाइलाजाने स्वीकारलेली वस्तू होय, असे एक सरधोपट विधान पाठ्यपुस्तकांतून वारंवार वाचावयास मिळते. माझगावच्या त्या बागेतील दिवे या विधानाला न जुमानता तेवत होते.

दोन मार्ग, दोन काळ

या तिघांच्या प्रवासमार्गांतील फरक लक्षणीय आहे. जहांगीर व हिरजीभाई शिडाच्या जहाजाने, आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून गेले. या मार्गाने तेव्हा चार-पाच महिने सहज लागत. सोबत स्वधर्मीय स्वयंपाकी होते, कारण परधर्मीयाच्या हातचे अन्न घ्यावयाचे नव्हते. वर्षभराने निघालेले अर्देशिर लाल समुद्रातून सुवेझ, तेथून जमिनीवरून कैरो व अलेक्झांड्रिया आणि पुढे भूमध्य समुद्र अशा मार्गाने गेले. मुंबई आणि लंडन यांच्यातील अंतर या मार्गाने बरेच कमी झाले होते. सुवेझचा कालवा व्हायला अजून तीस वर्षे होती. तो १८६९ मध्ये खुला झाला. परंतु आगबोटीमुळे अंतराचा अर्थ बदलू लागला होता. एकाच घराण्यातील माणसे वर्षभराच्या अंतराने निघतात आणि जणू दोन वेगळ्या युगांतून प्रवास करतात, ही गोष्ट एखाद्या कोष्टकापेक्षा अधिक बोलकी आहे.

लंडनमध्ये ते एकटेच हिंदी नव्हते. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराज यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे याच सुमारास लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तेथेच धन्याच्या न्यायासाठी झगडत राहिले. गोदीभोवतीच्या वस्तीत कोकण, गुजरात, बंगालकडील खलाशी असत. १८२३ च्या कायद्याने त्यांना ब्रिटिश खलाशी मानण्याचे नाकारले होते, त्यामुळे परतीचे जहाज मिळेपर्यंत त्यांची स्थिती अनेकदा दैन्याची असे. आशियाई खलाशांसाठी लंडनच्या लाइमहाउस भागात निवासगृह निघाले ते १८५७ मध्ये. वाफेच्या बोटीतील भट्टीपुढे कोळसा ओढणारा आगवाला यंत्रयुगाच्या जितका निकट होता तितका क्वचितच दुसरा कोणी असेल, पण त्याने काय विचार केला हे सांगणारे पुस्तक निघाले नाही. वाडियांची निरीक्षणे वाचताना ही मर्यादा सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

पाहणारे आणि पाहिले जाणारे

जहांगीर व हिरजीभाई यांच्या पुस्तकात विस्मयाचा भाग मोठा आहे. टेम्स नदीत शिरताना दिसलेली आगबोटींची गर्दी त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. मुंबईत एखाददुसरी आगबोट येई तेव्हा ती पाहण्यास लोक जमत. येथे त्या भाड्याच्या घोडागाडीसारख्या उतारूंना घेऊन खालीवर करीत होत्या. लंडनच्या रस्त्यांवरील माणसांचा लोंढा, लंडन ब्रिज, आगगाडी, शास्त्रीय प्रयोग दाखविणाऱ्या संस्थांतील पाणबुडी घंटा, या सर्वांची त्यांनी बारकाईने वर्णने केली आहेत. या वर्णनांत जहाजबांधणी करणाऱ्याची नजर जागोजाग दिसते. वस्तू सुंदर आहे एवढ्यावर ते थांबत नाहीत. ती कशी चालते, कोणता भाग कशावर बसतो, हे सांगण्याकडे त्यांचा कल असतो.

त्यांचे चॅटॅमच्या सरकारी गोदीतील शिक्षण हा या वास्तव्याचा मुख्य हेतू होता. मुंबईशी व्यापाराच्या निमित्ताने दीर्घकाळ संबंध असलेले सर चार्ल्स फोर्ब्स यांचे त्यांना साहाय्य झाले. ज्यांच्या पूर्वजांनी ब्रिटिश आरमाराला लढाऊ नौका बांधून दिल्या, ते आता त्याच आरमाराच्या गोदीत उमेदवार म्हणून उभे होते. याबद्दल त्यांच्या लेखनात कटुता आढळत नाही. शिकण्यात कमीपणा नाही, हा कारागीर घराण्याचा संस्कार त्यामागे असावा.

मात्र आश्चर्य आणि शरणागती यांत ते गफलत करीत नाहीत. रंगभूमीवर तालिओनी या विख्यात नर्तकीचा नाच त्यांनी पाहिला. तिला एका रात्रीसाठी मिळणारी रक्कम ऐकून ते चकित झाले आणि एका पायावर उभे राहण्याबद्दल एवढे धन देणारे लोक व्यवहारी कसे म्हणावेत, असा त्यांना प्रश्न पडला. पार्लमेंटमध्ये डोक्यावर टोप्या ठेवून ऐसपैस बसलेले सभासद पाहूनही त्यांची निराशा झाली. ज्या सभेच्या शब्दाने हिंदुस्थानचा कारभार हलतो ती सभा अशी दिसत असेल, ही त्यांची अपेक्षा नव्हती. प्राणिसंग्रहालयात गेले असता पिंजऱ्यातील प्राण्यांइतकीच आपलीही लोक मौज पाहत आहेत, हे त्यांनी काहीशा विनोदाने नोंदविले आहे. त्यांचा पारशी पोशाख आणि पगडी यांभोवती गर्दी जमे. मोठ्या घरी मिळालेल्या आदरातिथ्याची ते मुक्तपणे स्तुती करतात, तसेच तेथील खालच्या थरातील लोक परक्यांशी उद्धटपणे वागतात असेही स्पष्ट लिहितात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानबद्दल लिहिणाऱ्या युरोपीय प्रवाशांची पुस्तके ढिगाने आहेत. त्या प्रवाशांना जी दृष्टी स्वाभाविक हक्काने प्राप्त झालेली होती, ती येथे प्रथमच उलट फिरलेली दिसते. अर्थात याआधी मिर्झा अबू तालिब यांच्यासारख्यांनी फारसीत इंग्लंडची वर्णने लिहिली होती. परंतु यंत्राकडे व्यवसायबंधूच्या नात्याने पाहणारा प्रवासी त्या परंपरेत नव्हता.

या पुस्तकांच्या भाषेचा प्रश्न येथे उपस्थित होतो. दोन्ही पुस्तके इंग्रजीत, लंडनमध्ये छापलेली. देशबांधवांना ज्ञान व्हावे हा हेतू जहांगीर व हिरजीभाई सांगतात, परंतु १८४१ मध्ये मुंबईत इंग्रजी वाचू शकणारे देशबांधव किती होते? ज्यांच्या शिफारशीवर पुढील नेमणूक अवलंबून होती ते कंपनीचे संचालक आणि आश्रयदाते हेही या पुस्तकांचे वाचक होते. म्हणून त्यांतील ब्रिटिश सत्तेविषयीचे कृतज्ञतेचे उद्गार शब्दशः घेणे जितके भोळेपणाचे, तितकेच ते सर्वस्वी खोटे मानणे अन्यायाचे ठरेल. कंपनीच्या गोदीवरच ज्यांच्या पिढ्यांचे पोट चालले त्यांना कंपनीशी वैर धरणे सुचण्याजोगे नव्हते. रमाबाईंनी अर्धशतकानंतर अमेरिकेवर लिहिताना मराठी भाषा निवडली आणि आपल्या वाचकांना, विशेषतः स्त्रियांना, थेट संबोधले. या दोन लेखनांत जो मोकळेपणाचा फरक जाणवतो, त्याचे एक कारण वाचक बदलला हे आहे.

मुंबईस परतल्यावर

अर्देशिर यांनी इंग्लंडमध्ये यंत्रकारखाने पाहिले, त्यांत काम केले आणि स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेत प्रवेश मिळवला. कंपनीच्या संचालकांनी त्यांना मुंबईच्या सरकारी वाफकारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक नेमले. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी कामाची सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी २७ मे रोजी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, १९१८ साली. मधली सत्त्याहत्तर वर्षे रिकामी आहेत. कित्येक वर्षे रामानुजन हेच पहिले भारतीय फेलो समजले जात, यावरून अर्देशिर यांचे विस्मरण किती झाले होते हे कळते. भारत सरकारच्या टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांचे तिकीट काढले.

मुंबईत मात्र या नेमणुकीचे स्वागत सर्वांनी केले नाही. युरोपीय कारागिरांच्या वर एक हिंदी माणूस अधिकारी म्हणून बसणार, ही गोष्ट तोवर घडलेली नव्हती. ‘बॉम्बे टाइम्स’ने एतद्देशीय मनुष्य कितीही शिकलेला व हुशार असला तरी इंग्रज कामगारांवर देखरेख व नियंत्रण ठेवू शकेल काय, अशी उघड शंका घेतली. या आक्षेपाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. अर्देशिर यांना यंत्रातले कळत नाही, असे कोणी म्हणत नव्हते. वादाचा मुद्दा हुकमतीचा होता. तंत्रज्ञान शिकता येते, पण त्या तंत्रज्ञानाभोवतीचा अधिकार कोणाच्या हाती राहावा हे वसाहतीत आधीच ठरलेले असते, याचा हा स्वच्छ दाखला होय. अर्देशिर यांनी त्या जागेवर सोळा वर्षे काम केले. शंकेला याहून वेगळे उत्तर देण्याची त्यांना गरज भासली नाही.

१८४९ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेला गेले. लाकूडकामाची अमेरिकन यंत्रे त्यांना विशेष आवडली आणि ती त्यांनी मुंबईसाठी घेतली. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरवली. तिचे सर्व भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. ‘ह्यू लिंडसे’च्या वेळी यंत्रे विलायतेहून आली होती. बावीस वर्षांनंतर ती माझगावच्या भट्टीतून निघाली. या एका बोटीपुरता प्रश्न सुटला होता, असे म्हणावयास हरकत नाही. पूर्वजाचे नाव तिला देण्यामागे कोणती भावना असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

लोखंड, कोळसा आणि सत्ता

असे असूनही मुंबईची जहाजबांधणी टिकली नाही. १८४८ मध्ये ‘मियानी’ ही मुंबईत बांधलेली अखेरची मोठी शिडाची युद्धनौका पाण्यात उतरली आणि त्यानंतर ही परंपरा ओसरत गेली. कारण काय? सामान्यतः असे म्हटले जाते की वाफ आली आणि शिडे गेली. हे उत्तर अपुरे आहे. वाफ हे निव्वळ यंत्र होते आणि ते वाडियांनी आत्मसात केले होते. निर्णायक बदल जहाजाच्या सांगाड्यात झाला. लाकडाच्या जागी लोखंड आले. कंपनीसाठी बर्कनहेडच्या लेअर्ड कारखान्याने बांधलेली ‘नेमेसिस’ ही लोखंडी आगबोट १८३९ मध्ये तयार झाली, म्हणजे जहांगीर व हिरजीभाई इंग्लंडमध्ये असतानाच. पुढे चीनवरील अफूच्या युद्धात लोखंडी व लाकडी आगबोटी मोठमोठ्या शिडाच्या युद्धनौकांना ओढून नदीतून वर नेत होत्या. त्या मोहिमेची ध्वजनौका ‘कॉर्नवॉलिस’ होती. तिच्यावरच २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. मुंबईच्या सागवानाचे ते बहुधा सर्वांत प्रसिद्ध कार्य, आणि त्याच प्रसंगी तिच्या पुढे चालणाऱ्या आगबोटींनी सागवानाचा काळ संपत आल्याची वर्दी दिली.

लोखंडी जहाज बांधण्यास स्वस्त लोखंड, जवळचा कोळसा आणि मोठे भांडवल लागते. मुंबईजवळ या तिन्हींपैकी काहीही नव्हते. राणीगंजचा कोळसा देशाच्या दुसऱ्या टोकास होता. मुंबईस ब्रिटिश कोळसा समुद्रमार्गे आणणेच सोयीचे पडे. मुंबईचे भांडवल तेव्हा कापूस व अफूच्या व्यापारात गुंतलेले होते आणि पुढे ते कापडगिरण्यांकडे वळले. याखेरीज एक गोष्ट अशी की गोदी ही घराण्याची नव्हती, ती कंपनीची होती. कोणते जहाज कोठे बांधायचे हा निर्णय लंडनला होई. क्लाइड आणि टाइन नद्यांच्या काठचे कारखानदार आपल्या मालास आपल्या सरकारचे गिऱ्हाईक मिळवून घेण्यास समर्थ होते, मुंबईच्या मिस्त्र्यांना तो मार्गच उपलब्ध नव्हता. डॅनियल हेडरिक यांनी साम्राज्यविस्तारातील यंत्रांच्या भूमिकेवरील १९८१ च्या ग्रंथात आगबोटीला जे महत्त्व दिले आहे ते मान्य करूनही असे म्हणावे लागते की, वसाहतीतील कारागिराच्या बाजूने पाहिल्यास आगबोटीपेक्षा मागणीवरील नियंत्रण अधिक घातक ठरले. रतनजी अर्देशिर वाडिया यांनी १९५५ मध्ये मुंबई गोदी व वाडिया मिस्त्री यांचा जो सविस्तर इतिहास लिहिला, त्यात नौकांच्या याद्या आणि घराण्याच्या गौरवाला जागा अधिक मिळाली आहे, ऱ्हासाच्या कारणमीमांसेला तुलनेने कमी. घराण्यातील लेखकाकडून ते स्वाभाविक आहे. परंतु त्या मीमांसेचे काम त्यामुळे शिल्लक राहते.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये निघाले तेव्हा १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या आगगाडीला दहा वर्षे होत आली होती. मुंबईच्या अभिमानाचे केंद्र गोदीकडून रेल्वेकडे व गिरण्यांकडे सरकले होते. रेल्वेच्या उभारणीसाठी जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईकरांनी पुढाकार घेतला खरा, पण तिची इंजिने आणि रूळ ब्रिटनहूनच येत राहिले. ओतशाळेतून आपले इंजिन काढणाऱ्या माझगावकराचे उदाहरण एकाकी राहिले.

रिचमंड

अर्देशिर १८५७ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाले. पुढे काही काळ सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोटींच्या कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी काम पाहिले. १८६८ पासून ते लंडनजवळच्या रिचमंड येथे राहिले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. १८३९ मध्ये जो देश त्यांनी शिकण्यासाठी पाहिला, तो शेवटी त्यांच्या वास्तव्याचा देश झाला. या स्थलांतरामागे कौटुंबिक कारणे होती. पण व्यावसायिक कारणही नजरेआड करता येत नाही. ज्या प्रकारचे काम करण्यास त्यांनी आयुष्य वेचले ते काम आता टेम्सच्या काठी होते, माझगावला नव्हते. तरुणपणी लिहिलेल्या दैनंदिनीसारखे लेखन त्यांनी पुन्हा प्रसिद्ध केले नाही, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे. १८४० चा अर्देशिर यंत्रांकडे उमेदीने पाहतो. १८७० चा अर्देशिर रिचमंडच्या खिडकीतून त्याच नदीवरील लोखंडी आगबोटींकडे कोणत्या दृष्टीने पाहत असेल, हे कळण्यास साधन नाही.

वाडियांनी बांधलेल्या एका आगबोटीची हकीकत मात्र उपलब्ध आहे. ‘पंजाब’ ही सागवानी सांगाड्याची, दोन बाजूंना चाके असलेली युद्ध-आगबोट मुंबई गोदीत १८५४ मध्ये पाण्यात उतरली. १८५७ च्या इराणवरील मोहिमेत तिने भाग घेतला. हिंदी आरमार मोडण्यात आल्यावर १८६३ मध्ये ती लंडनच्या जॉन विलिस या जहाजमालकाने विकत घेतली. त्याने तिची यंत्रे काढून टाकली, शिडे चढवली आणि ‘ट्वीड’ या नावाने ती चालवली. इराणच्या आखातातून घालावयाची तार वाहून नेण्यास ती उपयोगी पडली आणि पुढे शिडाच्या जहाजांत ती इतकी वेगवान ठरली की विलिसने १८६९ मध्ये ‘कटी सार्क’ बांधवून घेताना तिच्या सांगाड्याचा आदर्श समोर ठेवला. ‘कटी सार्क’ आज ग्रिनिच येथे जतन करून ठेवलेली आहे.